जुन्या पिकअपची घरची दुरुस्ती : वाचकांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं महिंद्राच्या पेट्रोलवरच्या जुन्या एफसी (फॉरवर्ड कंट्रोल, म्हणजे केबिन पुढे इंजिनावर असलेल्या) आणि जीप पिकअपबद्दल आहेत. विलीज या अमेरिकन जीप कंपनीची रचना असलेलं हरिकेन इंजिन, तीन गिअरचा टी-९० गिअरबॉक्स आणि त्याच्या मागे स्पायसर १८ ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटणारी पेटी), अशी ही जोडणी. चार सिलिंडर, २१९९ सीसी. इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढची अर्धी उत्तरं सोपी जातात.

प्रश्न : आजोबांची एफसी पिकअप १४ वर्षं गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी आहे. बंद केली तेव्हा चालू स्थितीत होती. नवी बॅटरी आणून स्टार्टर मारून बघू का? — वाचक, इस्लामपूर

उत्तर : नको. बॅटरी अजून विकतच घेऊ नका, कारण पहिले चार-पाच दिवस तिचं काही काम नाही.

इतकी वर्षं उभ्या असलेल्या इंजिनात ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिला, त्यात दमट हवा शिरते आणि पिस्टनच्या रिंगा बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीला, गंजून चिकटतात. व्हॉल्व्हच्या दांड्या गाइडमध्ये धरतात. अशा वेळी स्टार्टरचा झटका दिला तर रिंग तुटते, पिस्टनची रिंग बसायची कड उडते, नाहीतर धरलेल्या इनटेक व्हॉल्व्हची पुशरॉड वाकते. दोन दिवस थांबून जे इंजिन सुटलं असतं, ते मग बोरिंगला जातं.

चारही प्लग काढा. इंजिन ऑइल आणि डिझेल निम्मं-निम्मं मिसळून प्रत्येक सिलिंडरमध्ये २०-२५ मिली सोडा आणि ४८ तास हात लावू नका. ब्लॉकच्या बाजूचं झाकण उघडून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि स्प्रिंगा डोळ्यांनी बघा, त्यांच्या दांड्यांवरही हेच मिश्रण सोडा. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या नटावर लांब दांड्याचा सॉकेट लावा आणि हलक्या हाताने पुढे-मागे करा. बोटभर हललं तरी आनंद माना. पुन्हा तेल सोडा, पुन्हा एक रात्र जाऊ द्या. दरवेळी एकाच जागी टणकन अडत असेल तर जोर लावू नका, हेड उघडायची वेळ आली आहे.

हेड उघडताना या इंजिनातली एक गोष्ट नवख्यांना हमखास फसवते. हेडचा एक बोल्ट बाहेरून दिसतच नाही. तो कार्ब्युरेटरच्या बरोबर खाली, इनटेकच्या तोंडात आत आहे. कार्ब्युरेटर काढून टॉर्च मारली की त्याचं डोकं दिसतं. तो तसाच ठेवून हेड सुटत नाही म्हणून पहार घातली तर ओतीव हेड तडकतं. हेड कसतानाही हाच बोल्ट विसरला जातो, आणि मग पॅकिंग त्याच जागी फुंकतं. सगळे बोल्ट मधून सुरुवात करून बाहेर जात, तीन टप्प्यांत, ६० ते ७० फूट-पौंडांपर्यंत कसा.

इंजिन मोकळं फिरायला लागलं की जुनं ऑइल काढा आणि सम्प, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची थाळीही उतरवा. तळाशी काळा गाळ बसलेला असतो. तो ऑइल पंपाच्या जाळीत गेला तर नव्या ऑइलचा काही उपयोग नाही. २०डब्ल्यू-४० ऑइल साधारण ४ लिटर लागतं, फिल्टर बदलला तर थोडं जास्त. शेवटी दांडीवरची खूण खरी. आता बॅटरी लावा. प्लग काढलेलेच असू द्या, १० सेकंद स्टार्टर आणि अर्धा मिनिट विश्रांती, असं ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत करा. सहा-सात खेपांनंतरही काटा हलला नाही तर पंप कोरडा पडला आहे. तो उघडून आत व्हॅसलिन भरा, म्हणजे ओढ धरेल. काही इंजिनांत ड्रिल लावून वरून पंप फिरवता येतो. इथे तसं जमत नाही, कारण पंपाचा गिअर कॅमशाफ्टमध्ये अडकलेला असतो. त्याच पंपाच्या शाफ्टवर डिस्ट्रिब्युटरही फिरतो, म्हणून पंप काढण्याआधी रोटर कुठे बघतो आहे ते खडूने खूण करून ठेवा. एक दात चुकला तरी टायमिंग गेलं.

डिस्ट्रिब्युटरमधल्या सीबी पॉइंटवर (ठिणगीसाठी करंट तोडणारे संपर्क) पांढरट थर बसलेला असेल, तो बारीक पॉलिश पेपरने काढा. पॉइंटचा गॅप ०.५ मिमी, प्लगचा ०.७५ मिमी. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, टायमिंग टीडीसीच्या (पिस्टन सर्वांत वर असतो ती जागा) ५ अंश आधी. टॅपेटच्या फटी थंड इंजिनवर लावायच्या : इनटेक ०.४६ मिमी, एक्झॉस्ट ०.४१ मिमी. दोन्ही सारखेच लावायची चूक होते, आणि मग एक्झॉस्ट व्हॉल्व्हची टिकटिक का थांबत नाही म्हणून शोधत बसावं लागतं.

टाकी खाली उतरवूनच साफ करा. जुन्या पेट्रोलचा वार्निशसारखा राळ झालेला असतो, तो कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. रिकामी वाटली तरी टाकीजवळ वेल्डिंग किंवा ग्राइंडर नेऊ नका. पेट्रोल संपतं, वाफ राहते, आणि स्फोट वाफेचाच होतो. डाग द्यायचा तर वाफेने धुऊन देणाऱ्या रेडिएटरवाल्याकडेच द्या. सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यात जुन्या काळचं रबर फुगतं आणि मऊ पडतं. इंधनाच्या सगळ्या नळ्या, पंपाचा डायफ्राम आणि कार्ब्युरेटरच्या सुईचं टोक इथेनॉलला टिकणाऱ्या मालाचं घ्या. एफसीत इंजिन दोन सीटच्या मध्ये झाकणाखाली असतं, म्हणजे गळकी नळी तुमच्या मांडीशेजारी असते. इथे पैसे वाचवू नका.

चालू झालं की गरम इंजिनवर, गाडी चालण्याच्या वेगाला, ३०-३५ पीएसआय ऑइल प्रेशर दिसायला हवं. नंतर कॉम्प्रेशन मोजा. चार सिलिंडरमध्ये १० पीएसआयपेक्षा जास्त फरक असेल तर कमी असलेल्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. ब्रेक उघडून बघेपर्यंत गाडी शेडच्या बाहेर काढू नका.

प्रश्न : डाव्या बाजूच्या चाकाचे नट काही केल्या सुटत नाहीत. पाइप लावून जोर दिला तर एक स्टड तुटला. — वाचक, अकोला

उत्तर : तुम्ही ते कसत होता. जुन्या विलीज घराण्यातल्या गाड्यांना डाव्या बाजूला उलटे आटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतात. स्टडच्या तोंडावर बहुतेक वेळा ‘एल’ अक्षर असतं, तारेच्या ब्रशने घासून बघा. पूर्वी कोणी हब बदललेला असेल तर सरळ आटेही सापडतात, म्हणून आधी बघावं आणि मग पाना लावावा. तुटलेल्या जागी स्टड घेताना आट्याची दिशा दुकानातच तपासा.

प्रश्न : केबिनचा तळ आणि हौद्याचा पत्रा गंजून चाळण झाली आहे. गाव समुद्राजवळ आहे. डेंटर म्हणतो वरून नवा पत्रा मारू, लांबी (पुट्टी) भरू, रेड ऑक्साइड देऊ. हौद्यात चेकर्ड प्लेट टाकायचाही विचार आहे. — वाचक, मालवण

उत्तर : गंजावर पत्रा मारला की दोन पत्र्यांमध्ये ओल कायमची कोंडते. किनाऱ्यावर त्या ओलीत मीठही असतं. दोन पावसाळे छान दिसेल, तिसऱ्या पावसाळ्यात नव्या पत्र्यालाही भोकं पडतील. गंज कापूनच काढावा लागतो.

आधी कापायचं किती ते ठरवा. जुना स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि तळ, दाराखालची पेटी, केबिन जिथे चॅसिसवर बसते त्या जागा, सगळीकडे टोचत जा. जिथे टोक आत जातं तिथून चहूबाजूंनी किमान २५ मिमी पुढे, चांगल्या पत्र्यापर्यंत कापायचं. पण कटर हातात घेण्याआधी गाडी सपाट जमिनीवर चारही चाकांवर उभी करा आणि दाराच्या चौकटीत २५ मिमीचे चौकोनी पाइप तिरपे टाके मारून बसवा. तळ कापला की केबिनची ताकद जाते, चौकट ५-६ मिमी सरकते, आणि सगळं झाल्यावर दार लागत नाही. घरी केलेल्या कामात सर्वांत जास्त हळहळ याच चुकीची होते, कारण तोवर वेल्डिंग झालेलं असतं. दाराभोवतीच्या फटी कापण्याआधी मोजून लिहून ठेवा.

तळासाठी १८ गेज म्हणजे १.२ मिमीचा सीआरसी (थंड लाटलेला) पत्रा घ्या. गॅल्व्हनाइज्ड पत्रा स्वस्त मिळतो, पण वेल्डिंगमध्ये जस्ताचा धूर होतो. तो अंगात शिरला की थंडी वाजून ताप येतो, आणि टाकाही सच्छिद्र पडतो. वेल्डिंग सीओटूवर (कार्बन डायऑक्साइड वायू वापरणारं तारेचं वेल्डिंग), ०.८ मिमी तारेने. एका दमात रेघ ओढू नका. २५-३० मिमी अंतरावर टाके मारा, एक इकडे तर दुसरा पार त्या टोकाला, आणि मधल्या जागा हळूहळू भरा. तापलेला पत्रा फुगतो, निवताना आखडतो आणि लाटा पडतात. टाक्यावर बोट ठेवता येईल इतका तो निवला की शेजारचा मारा. तळाला १२ मिमी एकावर एक घेतलं तरी चालतं, पण आतल्या बाजूंना आधी झिंक प्रायमर आणि नंतर दोन्हीकडून सीलर हवं. दिसणाऱ्या पत्र्याला मात्र कडेला कड लावूनच जोडा.

रेड ऑक्साइडबद्दल आमचं मत ठाम आहे : एकटा तो पाणी अडवत नाही, शोषतो. उघड्या पत्र्यावर दोन भागांचा एपॉक्सी प्रायमर, दोन हात. लांबी भरायची तर त्या एपॉक्सीवर, पत्र्यावर नाही, आणि २-३ मिमीपेक्षा जाड नाही. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात स्प्रे करूच नका. हवेतलं पाणी ओल्या रंगावर बसतं, रंग पांढुरका पडतो आणि त्याखाली फोड येतात. पत्राकाम पावसाळ्यात करून उघडा पत्रा त्याच दिवशी ब्रशने एपॉक्सी मारून झाकावा, आणि शेवटचा रंग दिवाळीनंतर द्यावा, हा क्रम तुमच्या गावाला बरोबर बसतो. बंद पेट्यांमध्ये रंग पोचत नाही, तिथे लांब नळीने मेणाचा स्प्रे मारा. जळकं ऑइल मारायची पद्धत आहे, पण त्यात आम्ल असतं, धूळ चिकटून तिचा चिखल होतो आणि जवळची रबरं फुगतात. पाणी निघायची भोकं रंगाने किंवा सीलरने बुजली नाहीत ना, ते शेवटी तार घालून बघा.

चेकर्ड प्लेट नको. १.८ बाय १.३ मीटरच्या हौद्याला ३ मिमी प्लेट सुमारे ५८ किलो होते, १६ गेजचा नळ्या पाडलेला पत्रा ३० किलोच्या आत बसतो. शिवाय प्लेट जुन्या पत्र्यावर टाकली की पुन्हा तीच कोंडलेली ओल. फळ्याच हव्या असतील तर सागाच्या घ्या, दोन फळ्यांमध्ये ८-१० मिमी फट ठेवा आणि खालच्या आडव्या पट्ट्यांवर आधी एपॉक्सी द्या. फाळक्याच्या बिजागऱ्या हौद्याला जिथे जोडतात तो पत्रा हमखास पातळ झालेला असतो, त्याला आतून ३ मिमीची पट्टी द्या. प्लेट तेवढ्याच जागी लागते.

प्रश्न : घाटात राहतो. एफसीचे चारही ब्रेक ड्रमचे आहेत. पुढे डिस्क बसवावी का? — वाचक, महाबळेश्वर

उत्तर : डिस्कच्या आधी मास्टर सिलिंडरचा विचार करा. मूळ मास्टर एकेरी आहे. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. घाटात राहणाऱ्यासाठी हा दोष ड्रमपेक्षा फार मोठा आहे. दुहेरी म्हणजे टँडेम मास्टर बसवा, पुढचा आणि मागचा मार्ग वेगळा करा. मूळ मास्टरचा बोअर (आतला व्यास) मोजा, बहुतेक १ इंच निघेल, आणि नवा तेवढाच घ्या. ‘मोठा घेतला तर ब्रेक चांगला लागेल’ ही समजूत उलटी आहे. सव्वा इंच सोडा, १ १/८ इंचाचा घेतला तरी त्याच पायाच्या जोरावर दाब पाचव्या हिश्शाने कमी मिळतो, पेडल दगडासारखं लागतं.

ड्रम नीट असतील आणि लायनर ड्रमच्या गोलाईला घासून बसवलेले असतील तर ही हलकी गाडी ड्रमवर थांबते. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये उतरायची सवय हवी, कारण सतत पाय ठेवला की ड्रम तापून फुगतो, लायनर त्याच्यापासून लांब पडतो आणि पेडल खाली जातं. तरीही डिस्क लावायचीच असेल तर एक बारकावा सांभाळा. मास्टर केबिनच्या तळाखाली, कॅलिपरपेक्षा खाली असेल, तर गाडी उभी असताना ऑइल कॅलिपरमधून मास्टरकडे उतरतं आणि पहिला पाय पोकळ जातो. त्यासाठी डिस्कच्या मार्गात २ पीएसआयचा आणि ड्रमच्या मार्गात १० पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (नळीत थोडा दाब धरून ठेवणारा) लागतो. हे दोन उलटसुलट बसले तर डिस्क सतत घासत राहते.

तांब्याची नळी कुणी स्वस्तात सुचवली तर घेऊ नका, ती कंपनाने कडक होऊन चिरते. स्टीलची ३/१६ इंची नळी, तोंड दुहेरी मुडपलेलं. हवा काढताना मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरू करा. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, पाणी शोषणं हा त्याचा स्वभाव आहे आणि महाबळेश्वरच्या हवेत पाण्याला तोटा नाही. रिकाम्या एफसीचं वजन पुढे जास्त असतं, त्यामुळे ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होतात. नवे ब्रेक लावल्यावर पहिली चाचणी मोकळ्या मैदानात, हौदा रिकामा ठेवूनच घ्या.

प्रश्न : गिअरबॉक्समधलं तेल कमी होतं आणि ट्रान्सफर केस ओसंडते. हँडब्रेकही धरत नाही. दोन्हीचा संबंध आहे का? — वाचक, कोल्हापूर

उत्तर : आहे. टी-९० आणि स्पायसर १८ पाठीला पाठ लावून बसलेले आहेत. मधल्या बेअरिंग आणि शाफ्टच्या वाटेने तेल एकीकडून दुसरीकडे जातं. म्हणून दोन्हीत एकच तेल भरा : ९० नंबरचं, जीएल-४ दर्जाचं. जीएल-५ मधली काही रसायनं गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रो रिंगांना खातात. पातळी बाजूच्या बुचाच्या भोकाबरोबर, त्याच्या वर नाही.

हँडब्रेकचा ड्रम चाकात नाही, ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडावर आहे. तिथलं ऑइल सील गेलं की तेल थेट लायनरवर उडतं. नवं सील टाकूनही महिन्यात पुन्हा गळतं, तेव्हा दोष सीलचा नसतो. जो योक (शाफ्टच्या टोकाचा जोड) सीलच्या आत फिरतो, त्यावर नख अडकेल इतकी खाच पडलेली असते. योक बदला, किंवा लेथवाल्याकडून त्यावर पातळ स्लीव्ह चढवून घ्या. तेलात भिजलेलं लायनर पेट्रोलने धुऊन परत लावू नका, गरम झालं की आतलं तेल पुन्हा वर येतं. ट्रान्सफर केसच्या मधल्या शाफ्टची झीजही बघा. गिअर हाताने वर-खाली हलवला आणि खडखडला तर शाफ्ट आणि सुई बेअरिंग एकत्रच बदला. केसमधलं शाफ्टचं भोक मोठं झालं असेल तर तिथूनही तेल झिरपतं, त्याला बुश बसवावा लागतो.

प्रश्न : डायनॅमो काढून अल्टरनेटर लावायचा आहे. रात्री हेडलाइट विझल्यासारखे होतात. — वाचक, नाशिक

उत्तर : घरी करण्यासारखा हा सर्वांत समाधानाचा बदल आहे. डायनॅमो मंद इंजिनवर जवळजवळ काहीच देत नाही, म्हणून सिग्नलला थांबलात की दिवे मरतात. ३५ ते ४५ अँपिअरचा, रेग्युलेटर आत असलेला अल्टरनेटर पुरतो.

आधी बॅटरीचं कोणतं टोक चॅसिसला आहे ते बघा. निगेटिव्ह असायला हवं, उलटं असेल तर अल्टरनेटरचे डायोड जोडल्याक्षणी जळतात. डायनॅमोचा जुना कटआउट (चार्जिंग सांभाळणारा डबा) पूर्ण बाजूला काढा. मोठ्या टर्मिनलपासून बॅटरीपर्यंत ६ चौरस मिमीची तार आणि बॅटरीजवळ ५० अँपिअरचा फ्यूज. छोट्या टर्मिनलला इग्निशन स्विचमधून २-३ वॅटचा चार्जिंग बल्ब जोडा. तो बल्ब नुसती शोभा नाही, त्यातून जाणाऱ्या करंटनेच अल्टरनेटर जागा होतो. डॅशबोर्डवरचा ३० अँपिअरचा अँमीटर मार्गात तसाच ठेवला तर एक दिवस तो तापून वायरिंगला आग लावेल. त्याला वगळा आणि त्या जागी व्होल्टमीटर लावा. इंजिन जरा रेस केल्यावर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसलं की जमलं.

ब्रॅकेट ५-६ मिमी प्लेटची करा. पुली क्रँकच्या पुलीशी एका रेषेत हवी, सरळ पट्टी लावून बघा. बेल्ट अंगठ्याने १२ मिमीच्या आसपास दबावा. आणि इंजिन ते चॅसिस अशी एक जाड अर्थिंगची पट्टी नवी टाका. इंजिन रबरी माउंटिंगवर असतं, आणि निम्म्या ‘वायरिंगच्या’ तक्रारी त्या एका पट्टीने मिटतात.

प्रश्न : माझ्याकडे १९७० ची शेवरोले सी-१० पिकअप आहे. पुढे डिस्क ब्रेक लावायचे आहेत, गाडी थोडी खाली बसवायची आहे. केबिनमध्ये पेट्रोलचा वास येतो. — वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : तुमच्या गाडीच्या पुढच्याच वर्षी, १९७१ पासून, सी-१० ला पुढे डिस्क ब्रेक आले आणि चाकाला सहाऐवजी पाच बोल्ट झाले. म्हणून सुटे भाग जुळवत बसण्यापेक्षा १९७१-७२ च्या गाडीचा पुढचा क्रॉसमेंबर हब-डिस्कसकट अख्खा घ्या, तो त्याच जागी बोल्टने बसतो. मागचा अॅक्सल मात्र सहा बोल्टचाच राहील. तोही बदलला नाही तर स्टेपनी दोन ठेवाव्या लागतील.

खाली बसवायला कॉइल गॅसने तापवून बसवू नका. पोलादाचं पाणी उतरतं आणि एक बाजू आणखी बसत जाते. तयार कमी उंचीच्या स्प्रिंगा घ्या, पुढे दोन-तीन इंच पुरे. मागे उंची कमी केली की शॉक अॅब्सॉर्बर लहान लागतो आणि पिनियनचा (मागच्या अॅक्सलमध्ये शिरणाऱ्या गिअरचा) कोन बदलतो, तो न जुळवल्यास ठरावीक वेगाला गाडी घरघरते.

वास सीटच्या मागच्या टाकीचा आहे. भरण्याच्या नळीचा रबरी जोड आणि वरचं सेंडरचं (पेट्रोलच्या काट्याच्या सेन्सरचं) पॅकिंग आधी बदला. टाकी बाहेर चॅसिसमध्ये मागे नेता येते, आणि आमच्या मते न्यावीच. रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या तुमच्या राज्यात टाकी काढल्यावर मागे केबिनचे खालचे कोपरे उघडे पडतील, ते त्याच वेळी टोचून बघा.

प्रश्न : हरिकेन काढून डिझेल इंजिन बसवलं तर? घाटात ओढ मिळेल, खर्च वाचेल. कागदपत्रांचं काय? — वाचक, चाळीसगाव

उत्तर : कागदांपासून सुरू करू. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. इंजिनाला हात लावण्याआधी आरटीओची लेखी परवानगी हवी, आणि परवानगीने केलेला बदल १४ दिवसांत कळवून नोंदवावा लागतो. ‘आधी बसवू, मग पासिंगचं बघू’ या वाटेने गेलेली गाडी अंगणातच उभी राहते. अपघातात विम्याचा दावाही त्याच कारणावर अडतो. गाडी मालवाहू म्हणून नोंदलेली असेल तर दरवर्षीच्या फिटनेसला इंजिन नंबर तपासला जातो, हे वेगळंच.

पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झाली असतील आणि मूळ रचना शाबूत असेल, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे खासगी गाडीची व्हिंटेज नोंदणी होऊ शकते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. अशा गाडीने धंदा किंवा रोजची ये-जा करता येत नाही. मोठे बदल केले की हा रस्ता बंद. म्हणून मूळ इंजिन चांगलं असेल तर ते विकू नका, दुसरं बसवलं तरी ते ऑइल भरून, तोंडं बंद करून जपा.

आता ओढीचं. मागच्या-पुढच्या अॅक्सलच्या गिअरचं प्रमाण ५.३८ असतं. ७.०० चे टायर धरले तर ताशी ८० किलोमीटरला इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या आसपास फिरतं. म्हणजे ओढ कमी नाही, गाडी दमते ती वेगाला. तुमची गाडी घाटात खरंच मागे पडत असेल तर आधी कॉम्प्रेशन, टायमिंग आणि डिस्ट्रिब्युटरमधल्या अॅडव्हान्सच्या स्प्रिंगा बघा, बहुतेक उत्तर तिथे मिळतं. डिझेलचं जड इंजिन पुढच्या अॅक्सलवर आणि किंगपिनवर (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती खीळ) वजन टाकतं, त्याचे हादरे टी-९० च्या बेअरिंगला खातात. वेग हवा म्हणून क्राउन-पिनियन (अॅक्सलमधली गिअरची जोडी) बदलायचा तर पुढचा आणि मागचा दोन्ही एकाच प्रमाणाचे लागतात. एकच बदलला आणि कधी फोर व्हील टाकलं, तर दोन अॅक्सल एकमेकांशी झुंजतात आणि ट्रान्सफर केसचे दात जातात.